क्रेडिट मॉनिटरिंगला पैसे भरावेत का? जानेवारी ते जुलैचा माझा अनुभव

९ जानेवारी २०२५ ला बँकेतल्या लोन ऑफिसरनी फोन करून सांगितलं, "मॅडम, बाकी सगळं ओके आहे पण तुमच्या सिबिलमध्ये एक पर्सनल लोन ओव्हरड्यू दिसतंय, ते आधी क्लिअर करा." मी आयुष्यात पर्सनल लोन घेतलेलं नाही. एक क्रेडिट कार्ड आहे आणि नवऱ्यासोबत टू-व्हीलरचं कर्ज होतं ते कधीच फिटलं. नाशिकला इंदिरानगरात फ्लॅट बघितलेला, टोकन दिलेलं, तीस लाखांच्या कर्जाचा अर्ज टाकलेला आणि मधेच हे. हे सगळं निस्तरताना "पेड मॉनिटरिंग घ्या, असं होणार नाही" हे इतक्या ठिकाणी वाचलं आणि इतक्या लोकांनी सांगितलं की शेवटी मी नीट बसून त्याचा, म्हणजे पैसे घेऊन आपल्या क्रेडिट रिपोर्टमधले बदल कळवणाऱ्या त्या सेवेचा, छडा लावला. ज्यांच्यासमोर आत्ता तोच प्रश्न आहे त्यांच्यासाठी सगळं क्रमाने लिहितेय.

त्या रात्री पहिलं काम म्हणजे चारही ब्युरोंचे, म्हणजे आपल्या कर्जांची आणि हप्त्यांची नोंद ठेवणाऱ्या कंपन्यांचे, रिपोर्ट काढले. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क, भारतात या चारच कंपन्या आहेत आणि आपण सगळ्यालाच सरसकट "सिबिल" म्हणतो त्यामुळे बाकीच्या तिघी लक्षातच येत नाहीत. २०१७ पासून आरबीआयचा नियम आहे की प्रत्येक ब्युरोने आपल्याला वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट, स्कोअरसकट, फुकट द्यायचा. वर्ष म्हणजे जानेवारी ते डिसेंबर. पॅन, जन्मतारीख, मोबाईलवर ओटीपी, कुठे कुठे जुन्या कर्जाबद्दल दोन-तीन प्रश्न, एवढंच. साइटवर गेल्यावर प्लॅनचं पान आधी समोर येऊ शकतं, तिथे गडबडून कार्ड नंबर टाकू नका, "फ्री ॲन्युअल रिपोर्ट" असं लिहिलेली लिंक शोधा, ती ठळक दाखवायची असा आरबीआयचा आदेशच आहे. आणि स्वतःचा रिपोर्ट स्वतः काढल्याने स्कोअर कमी होत नाही, ही भीती मला माझ्या स्टाफरूममधल्या निम्म्या लोकांमध्ये दिसली म्हणून मुद्दाम लिहितेय.

रिपोर्ट उघडल्यावर सगळे स्कोअर बघतात, मीही आधी तेच बघितलं, ७७८ चा ७०२ झालेला. पण खरी गोष्ट होती ती संपर्काच्या माहितीच्या पानावर. माझा आत्ताचा नंबर तिथे नव्हताच, होता तो मी २०२१ मध्ये बंद केलेला जुना नंबर, कार्डवाल्यांना तेव्हाच अर्ज देऊन, पोच घेऊनसुद्धा. आणि त्याच्याखाली एक पूर्ण अनोळखी मोबाईल नंबर. ईमेलच्या खान्यात माझं नाव आडनाव जोडून पुढे चार आकडे लावलेला एक पत्ता, जो माझा नाही. घराचे पत्ते तीन, दोन नाशिकचे आणि एक परराज्यातला, जिथे मी कधी पाऊलसुद्धा ठेवलेलं नाही. माझ्या नावाखाली, माझ्या पॅनखाली दुसरंच कोणीतरी राहतंय असं वाटलं मला ते बघून. रात्रभर झोप लागली नाही.

कर्ज होतं २२,००० रुपयांचं, एका फायनान्स कंपनीचं, १८ सप्टेंबर २०२४ ला दिलेलं. पहिला हप्ता कोणीतरी भरलेला, दुसरा नाही. डीपीडी म्हणजे हप्ता किती दिवस थकलाय त्याचा तक्ता असतो, त्यात नोव्हेंबरच्या खान्यात ०२५ असा आकडा. आणि हे महत्त्वाचं आहे, खातं चारही रिपोर्टांमध्ये दिसत होतं पण त्या कंपनीने कर्ज देण्याआधी केलेली एन्क्वायरी, म्हणजे माझा रिपोर्ट मागवल्याची नोंद, फक्त एकाच ब्युरोकडे होती. हे का ते मला नंतर कळलं, त्यावर पुढे येते.

११ तारखेला, शनिवारी, सायबरक्राईमच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली (पैसे नुकतेच खात्यातून गेले असतील तर आधी १९३० ला फोन करा, माझ्या केसमध्ये माझे पैसे गेलेले नव्हते म्हणून पोर्टल). तक्रारीचा नंबर येतो तो सगळीकडे लागतो, प्रिंट काढून ठेवा. मग संचार साथी या दूरसंचार विभागाच्या साइटवर जाऊन माझ्या नावावर किती सिमकार्ड आहेत ते बघितलं, फुकट असतं, ओटीपी टाकला की यादी येते. तो अनोळखी नंबर त्या यादीत नव्हता. त्याचा स्क्रीनशॉट पुरावा म्हणून पुढे फार कामाला आला. आधारचं बायोमेट्रिकही त्याच दिवशी लॉक केलं.

१३ तारखेला, भोगीच्या दिवशी, घरात तिळगुळाची गडबड चाललेली आणि मी लॅपटॉपवर. त्या फायनान्स कंपनीच्या साइटवर तळाला तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि ईमेल असतो, त्यांना मेल लिहिली. मेलमध्ये कथा सांगत बसले नाही, तीन गोष्टी लिहिल्या: हे कर्ज माझं नाही, पैसे ज्या खात्यात गेले ते खातं माझं असल्याचा पुरावा द्या, आणि आरबीआयच्या २०२२ च्या डिजिटल लेंडिंगच्या नियमांनुसार कर्जाची रक्कम कर्जदाराच्याच बँक खात्यात जायला हवी, तर ती कोणाच्या खात्यात गेली ते सांगा. सोबत सप्टेंबरचं बँक स्टेटमेंट, सायबरची पोच, संचार साथीचा स्क्रीनशॉट. त्याच दिवशी चारही ब्युरोंवर डिस्प्यूट, म्हणजे चुकीच्या नोंदीबद्दलची तक्रार, टाकला, खात्यासाठी वेगळा आणि त्या परक्या नंबर-पत्त्यासाठी वेगळा. डिस्प्यूटला एक रुपया लागत नाही. रिपोर्टवरचा कंट्रोल नंबर विचारतात म्हणून पीडीएफ जपून ठेवायची.

इथे एक नियम माहीत असू द्या, मला आतेभावाने सांगितला, तो एका पतसंस्थेत वसुलीला आहे. तक्रार केल्यापासून ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. त्यातले २१ दिवस कर्ज देणाऱ्या कंपनीचे, तेवढ्यात त्यांनी ब्युरोला दुरुस्त माहिती पाठवायची, उरलेले दिवस ब्युरोचे, ज्याने उशीर केला त्याने पैसे द्यायचे. ऑक्टोबर २०२३ चं सर्क्युलर आहे, २६ एप्रिल २०२४ पासून लागू. मी मेलमध्ये हे लिहून बँक खात्याचा तपशीलही देऊन टाकला.

पुढे वाट बघणं. कंपनीकडून उत्तर आलं की नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र पाठवा. सीबीएस बसस्थानकाजवळ कोर्टाबाहेर टायपिंगवाले बसतात त्यांच्याकडे गेले. शंभरचा स्टॅम्प मागितला तर ते काका म्हणाले, "ताई, शंभरचा बंद झाला, ऑक्टोबरपासून पाचशेचा." ५०० चा स्टॅम्प, टायपिंग आणि नोटरीचे मिळून ३५०, कुरियर ६०. टाईप करताना काकांनी स्वतःहून एक वाक्य घातलं की "सदर मोबाईल क्रमांक माझा नसून माझ्या कुटुंबातील कोणाचाही नाही", ते मला सुचलं नसतं, आणि कंपनीच्या पुढच्या मेलमध्ये नेमका तोच प्रश्न होता. म्हणजे तुम्ही करत असाल तर हे वाक्य घाला.

एका ब्युरोने दरम्यान डिस्प्यूट बंद करून टाकला, "कर्जदात्याने माहिती बरोबर असल्याचं कळवलं आहे" असं उत्तर. बघून हातपाय गळाले अगदी. पण हे होतं, कारण ब्युरो स्वतःहून नोंद बदलू शकत नाही, ते कंपनीला विचारतात आणि कंपनीच्या सिस्टीममध्ये जे असेल ते उत्तर येतं. म्हणून खरी लढाई कंपनीशी असते, ब्युरोचा डिस्प्यूट सोबत चालू ठेवायचा. कागद जोडून परत टाकला.

मॉनिटरिंगचा विषय याच काळात तापला. नवरा म्हणाला घेऊन टाक, वर्षाचे बाराशे रुपये आहेत, एका कर्जामुळे घराचा दर वाढला तर किती जातील. आणि हिशोब करून बघितला तर तो म्हणतो ते चूक नव्हतं, तीस लाखांवर वीस वर्षांसाठी साडेआठच्या ऐवजी ८.८ टक्के दर लागला तर हप्ता महिना साधारण पावणेसहाशेने वाढतो, वीस वर्षांत एक लाख सदतीस हजारांच्या आसपास. त्याच्यापुढे बाराशे म्हणजे काहीच नाही. आतेभावाचं मत उलटं, "ताई, कळणं वेगळं आणि निस्तरणं वेगळं. ते पैसे कळण्याचे घेतात, निस्तरायला तुलाच लागणार आहे." मला दोघांचंही पटत होतं म्हणून मग स्वतःच खोलात शिरले.

मी एका ब्युरोचे प्लॅन बघितले तेव्हा महिन्याचा ५५०, सहा महिन्यांचा ८०० आणि वर्षाचा १२०० होता. यात मिळतं काय तर त्या ब्युरोचा रिपोर्ट हवा तेव्हा बघता येतो, आणि काही बदललं, नवीन खातं आलं, एन्क्वायरी झाली, की मेल किंवा मेसेज येतो. आता यातलं फुकट काय मिळतं ते बघा. २०२३ च्याच नियमांमध्ये आहे की कोणत्याही बँकेने किंवा फायनान्स कंपनीने तुमचा रिपोर्ट काढला की ब्युरोने तुम्हाला एसएमएस किंवा ईमेल करायचा, फुकट, प्लॅन असो नसो. आणि हप्ता थकल्याची माहिती ब्युरोकडे पाठवताना कर्ज देणाऱ्यानेही तुम्हाला कळवायचं. मग मला सप्टेंबरमध्ये काहीच का आलं नाही? कारण तो मेसेज जातो त्यांच्याकडे असलेल्या नंबरवर. ब्युरोकडे माझा मेलेला नंबर आणि कंपनीकडे त्या भामट्याचा. अलर्ट कदाचित गेला असेलही, पण तो घेणारी मी नव्हते.

हे कळल्यावर मला दोन गोष्टी एकदम स्पष्ट झाल्या. एक, पेड प्लॅनचा खरा फायदा हा की त्यात तुम्ही स्वतः तुमचा नंबर आणि ईमेल देऊन नोंदणी करता, म्हणून अलर्ट तुमच्यापर्यंत पोचतो. दोन, तोच फायदा फुकटही मिळतो, चारही ब्युरोंच्या साइटवर आत्ताच्या नंबरने स्वतःचं फ्री खातं उघडायचं आणि ज्या बँकेत कर्ज किंवा कार्ड आहे तिथे केवायसीचा मोबाईल नंबर बदलून घ्यायचा, म्हणजे त्यांच्या पुढच्या माहितीबरोबर तो ब्युरोंकडे जातो. मी कार्डवाल्यांकडे परत अर्ज दिला, यावेळी शाखेत जाऊन, आणि पुढच्या महिन्यात रिपोर्टमध्ये माझा खरा नंबर आला.

आणि तिसरी गोष्ट, एन्क्वायरीची. २०१५ पासून नियम आहे की कर्ज देणाऱ्या प्रत्येक संस्थेने चारही ब्युरोंचं सभासद व्हायचं आणि कर्जांची माहिती चौघांनाही पाठवायची. म्हणून कर्ज चारही ठिकाणी दिसतं. पण कर्ज देण्याआधी रिपोर्ट काढायचा तो कोणाकडून, हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं, आणि एन्क्वायरीची नोंद तेवढ्याच ब्युरोकडे होते. म्हणजे तुम्ही एका ब्युरोचा प्लॅन घेतलात आणि भामट्याने ज्या कंपनीकडे अर्ज केला ती दुसऱ्या ब्युरोची गिऱ्हाईक असेल तर तुमचा प्लॅन गप्प बसणार, कर्ज दिलं जाईल, त्याची माहिती पोचेल, तेव्हा कुठे कळणार. पूर्वी ही माहिती महिन्यातून एकदा जायची, १ जानेवारी २०२५ पासून पंधरवड्याला जायला लागली, तरी तोवर पैसे गेलेले असतात. खरा उपयोग एन्क्वायरीच्या अलर्टचा, कारण तेव्हा कर्ज अजून मंजूर झालेलं नसतं.

फुकटच्या ॲपबद्दलही विचार केला. स्कोअर दाखवणारी ॲप्स आहेत ती पैसे घेत नाहीत पण तुमचा रिपोर्ट बघायची परवानगी घेतात आणि मग प्री-अप्रूव्हड लोनचे फोन चालू. मला ऑलरेडी परक्या कर्जाचा त्रास, त्यात ती भर नको होती. ज्याला फोनचा त्रास वाटत नाही त्याने खुशाल वापरावीत, महिन्यातून एकदा स्कोअर आणि खाती दिसतात, काम होतं.

शेवटी मी काय केलं तर १ फेब्रुवारीला सहा महिन्यांचा ८०० वाला प्लॅन घेतला. कारण माझी पॅनची कॉपी बाहेर गेलेली आहे हे नक्की होतं, घराच्या कर्जाचा अर्ज अडकलेला होता, आणि त्या ब्युरोचा वर्षाचा फुकट रिपोर्ट मी जानेवारीतच वापरून बसलेले, डिस्प्यूटचं पुढे काय झालं ते पूर्ण रिपोर्टात बघायला दुसरा मार्ग नव्हता. वर्षाचा घेतला नाही. पैसे भरताना ऑटो-रिन्युअलचा पर्याय दिसला तो बंद केला, आणि यूपीआयच्या ऑटोपेमध्ये जाऊन मँडेट, म्हणजे आपोआप पैसे कापायची परवानगी, दिलेली नाही ना तेही तपासलं.

१२ फेब्रुवारीला ३० दिवस संपले, काही हालचाल नाही. १३ ला कंपनीला मेल केली की आता रोजचे शंभर चालू झालेत आणि उत्तर आलं नाही तर आरबीआयच्या लोकपालाकडे जाते. लोकपालाची तक्रार ऑनलाइन करता येते, फी नाही, वकील लागत नाही, १४४४८ वर माहिती मिळते. पण आधी कंपनीकडे तक्रार करून ३० दिवस झालेले असावे लागतात किंवा त्यांचं नकाराचं उत्तर असावं लागतं, म्हणून पहिल्या मेलची तारीख महत्त्वाची. फॉर्म भरून तयार ठेवला होता. २१ फेब्रुवारीला कंपनीची मेल आली, कर्ज फसवणुकीचं असल्याचं मान्य, खातं माझ्या नावावरून काढत आहोत. ते पत्र लेटरहेडवर मागून घेतलं, सही-शिक्क्याचं. २७ ला चारही ठिकाणची नोंद गेली. भरपाई आपोआप आली नाही, परत मागावी लागली, मग मार्चमध्ये १५०० रुपये खात्यात जमा झाले. स्टॅम्प-नोटरीचा खर्च निघाला.

हा पूर्ण वेळ फ्लॅट विकणाऱ्या काकांनी कळ काढली, दुसरं गिऱ्हाईक असताना थांबले, त्यांचे उपकार मानते. बँकेतल्या ऑफिसरना मी आधीच विनंती केलेली की नोंद जाईपर्यंत परत रिपोर्ट काढू नका, उगाच एन्क्वायऱ्या वाढतात. ४ मार्चला त्यांनी काढला. त्या दिवशी संध्याकाळीच ब्युरोचा फुकटवाला एसएमएस आला. माझ्या पेड प्लॅनची मेल दुसऱ्या दिवशी सकाळी आली. १७ मार्चला कर्ज मंजूर झालं, चांगल्या स्कोअरच्या दराने.

प्लॅन चालू असताना एरवी काय आलं सांगते: कार्डाची बाकी वाढली, कार्डाची बाकी कमी झाली, स्कोअर चार पॉइंटने वर गेला, घराचं नवीन खातं दिसतंय. मला माहीत असलेल्याच गोष्टी. सुरुवातीला प्रत्येक मेलला छातीत धस्स व्हायचं, एप्रिलपर्यंत सवय झाली. खोटं कशाला सांगू, त्या दोन महिन्यांत रात्री झोपण्याआधी रिपोर्ट उघडून "काही नवीन नाही" हे बघता येणं याची मला गरज होती आणि त्यासाठी आठशे रुपये गेले त्याचं वाईट वाटत नाही.

पण मे महिन्यात जे झालं त्याने माझा निर्णय पक्का केला. एके दुपारी शाळेत असताना एसएमएस आला, अमुक एका लेंडरने तुमचा रिपोर्ट बघितला. ज्या ब्युरोचा माझा प्लॅन होता त्याचा नाही, दुसऱ्याचा, फुकटवाला. लेंडरचं नाव मी कधी ऐकलेलं नव्हतं. मेसेजमधल्या लिंकवर क्लिक न करता (खोटे मेसेजही येतात, म्हणून नेहमी ब्युरोच्या साइटवर स्वतः जाऊन लॉगिन करा) खात्यात जाऊन बघितलं तर एन्क्वायरी खरी होती, ४०,००० रुपयांची. मधल्या सुट्टीतच त्या कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल टाकली, सोबत आधीच्या कंपनीचं लेटरहेडवरचं पत्र आणि सायबरची पोच जोडली, आणि फोनही केला. फोनवरची मुलगी फार चांगली होती, तिने लगेच अर्ज थांबवून ठेवला. दोन दिवसांत अर्ज रद्द केल्याची मेल आली, एन्क्वायरीची नोंदही नंतर काढली. पैसे भरलेल्या प्लॅनवर या सगळ्याचा मागमूस नव्हता, आणि त्यात त्यांची काही चूकही नाही, त्यांच्याकडे ती एन्क्वायरी गेलीच नव्हती.

जुलैअखेर प्लॅन संपला, तो पुढे वाढवला नाही. आता माझं असं चालू आहे: चारही ब्युरोंवर फ्री खाती, माझ्या चालू नंबरने. फुकटचा रिपोर्ट आता चौघांचा एकदम काढायचा नाही, २०२५ चे चारही जानेवारीतच वापरून झाले म्हणून २०२६ पासून दर तीन महिन्यांनी एकाचा, जानेवारीत सिबिल, एप्रिलमध्ये एक्स्पिरियन, जुलैत इक्विफॅक्स, ऑक्टोबरमध्ये क्रिफ. कर्जखाती चौघांकडेही असतात त्यामुळे तीन महिन्यांच्या वर काही लपून राहत नाही. रिपोर्ट आला की स्कोअरच्या आधी संपर्काचं पान बघते, अनोळखी नंबर किंवा पत्ता आला का ते. सासूबाईंचा पण काढला, त्यांच्यावर कर्ज नाही, कार्ड नाही, पण पॅन आहे ना. त्यांचा रिपोर्ट कोरा निघाला.

मला कोणी विचारलं की घ्यावं का, तर मी आधी विचारते की पुढच्या सहा महिन्यांत मोठं कर्ज काढायचंय का, आणि तुझे कागद कुठे बाहेर गेल्याचं तुला नक्की माहितीय का. दोन्हीपैकी काही असेल तर छोटा प्लॅन घे, ऑटो-रिन्युअल बंद ठेवून. नाहीतर आधी ब्युरोकडे आणि बँकेकडे तुझा कुठला नंबर आहे ते बघ. माझ्या एका सहकारी बाईंनी परवा बघितलं, त्यांचा रिपोर्टमधला नंबर त्यांच्या माहेरच्या लँडलाइनचा निघाला, त्यांनी लगेच शाखेत जाऊन अर्ज दिलाय. अर्जाची पोच घ्यायला सांगितलीय आणि पुढच्या महिन्यात परत लॉगिन करून नंबर बदललाय का ते बघणार आहेत.